खिरापत ओळखण्याचा महिना : भोपाळच्या मराठी घरांतील शरद ऋतू

झाकण घट्ट लावलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा. आतून खुळखुळ आवाज आला तर शेंगदाणे किंवा फुटाणे, काहीच आवाज आला नाही तर शिरा किंवा वाटली डाळ. मग प्रश्न सुरू होतात. गोड की तिखट? ओले की कोरडे? तळलेले की वाफवलेले? भोंडल्याचा फेर संपल्यावर खिरापत ओळखण्याचा हा खेळ महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी खेळला. महाराष्ट्राबाहेर, भोपाळमधील मराठी घरांतही तो खेळला गेला. तेथे त्याला एक शेजारीण लाभली. माळव्यातील मुली भिंतीवर शेणाची ‘संजा’ काढतात, तिची आरती करतात आणि आरतीनंतर प्रसाद ओळखण्याचाच खेळ खेळतात. या ओळखण्याला माळव्यात ‘ताडणे’ म्हणतात.

गोमंतकीय वाचकाला आश्विन म्हटले की दसऱ्याची आपट्याची पाने, गल्लोगल्ली उभे राहणारे नरकासुर आणि दिवाळीच्या पहाटेचे पोहे आठवतात. फेर धरून गाणी म्हणण्याची गोव्यातली मोठी वेळ म्हणजे पौषातील धालो. भोपाळच्या मराठी घरांत मात्र भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचा संपूर्ण महिना मुलींच्या गाण्यांचा असे. हा महिना नेमका कसा होता, त्यात काय शिजत असे आणि आज त्याचे काय होत आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

तीन वाटांनी आलेली मराठी

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेनुसार नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाले. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेला महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ संस्थानाचा प्रदेश मिळून नवे राज्य बनले. जुन्या राजधान्यांतील कचेऱ्यांबरोबर कर्मचारीही भोपाळला आले. काही नागपूरहून आले, तर काही मध्य भारताच्या राजधान्या असलेल्या ग्वाल्हेर आणि इंदूरहून. याच सुमारास शहरालगत भेल, म्हणजे अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना उभा राहू लागला आणि त्या वसाहतीतही मराठी कुटुंबे स्थिरावली.

अशा रीतीने भोपाळची मराठी एका मुशीतली राहिली नाही. नागपूरकडची कुटुंबे वऱ्हाडी वळणाची होती. ग्वाल्हेरची मंडळी शिंद्यांच्या आणि इंदूरची होळकरांच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली होती. नोकरीच्या निमित्ताने थेट पुण्या-मुंबईहून आलेलेही काही होते. नव्या राजधानीत कर्मचाऱ्यांसाठी जी वस्ती वसवली गेली, तिला तात्या टोपे यांचे नाव देण्यात आले. आज ती टीटी नगर या नावाने ओळखली जाते. तेथल्या बैठ्या सरकारी घरांपुढे अंगण असे. एका रांगेत नागपूरचे, ग्वाल्हेरचे आणि पुण्याचे घर लागले, की एकाच महिन्यात तीन तऱ्हेचे खेळ शेजारी-शेजारी मांडले जात.

भुलाबाई, हादगा आणि भोंडला

या तिन्ही खेळांचा गाभा एकच आहे. मध्यभागी एक प्रतीक, भोवती मुलींचा फेर, सासर-माहेरची गाणी आणि शेवटी खिरापत. तपशील मात्र वेगळे आहेत.

विदर्भातली भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला निरोप घेते. भुलोबा आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात. भुलोबा म्हणजे शंकर आणि भुलाबाई म्हणजे पार्वती. सारीपाटात हरलेला शंकर रुसून निघून गेला आणि पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन त्याला भुलवले, अशी कथा सांगतात. नावाचा उलगडा त्या ‘भुलण्या’तून केला जातो. महिनाभर माहेरी आलेल्या या लेकीभोवती मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. कोजागरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात मूर्ती बसवतात. शेतात ज्वारी उभी असते, त्यामुळे हा मखर पिकाचाच मान असतो. खानदेशात हीच देवता गुलाबाई या नावाने येते.

हादग्याचा संबंध हस्त नक्षत्राशी आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात प्रवेश करतो आणि परतीचा पाऊस गर्जत येतो. या पावसाला शेतकरी ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतो. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरायचा, हा हादग्याचा विधी. पुण्याकडचा भोंडला हे त्याचेच रूप असून तो बहुधा घटस्थापनेपासून नवरात्रात खेळला जातो.

या खेळांची एक रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असा चढता क्रम हादग्यात सोळाव्या दिवसापर्यंत जाई. हा हिशेब गमतीचा वाटतो, पण त्यामागे शिकवण्याची एक पद्धत दडलेली आहे. पहिले गाणे सोळा वेळा म्हटले जाई, दुसरे पंधरा वेळा. पाच वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी नुसती मोठ्या मुलींचा हात धरून फिरे आणि शेवटच्या दिवशी तिला बरीच गाणी तोंडपाठ झालेली असत. वही नाही, पुस्तक नाही. रोजच्या पुनरावृत्तीवर ही सगळी परंपरा उभी होती.

भिंतीवरची संजा

भोपाळ माळव्याच्या पूर्वेकडील कडेवर वसले आहे. माळव्यातली संजा भाद्रपद पौर्णिमेला सुरू होते, म्हणजे भुलाबाई बसते त्याच दिवशी. पितृपक्षाचे सोळा दिवस कुमारिका घराच्या भिंतीवर गाईच्या शेणाने रोज नवी आकृती काढतात आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. आकृतींनाही तिथीचा हिशेब असतो. चतुर्थीला चौपट, पंचमीला पाच कुमार, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, नवमीला म्हातारा-म्हातारी. शेवटच्या दिवसांत ‘किलाकोट’ म्हणजे तटबंदीचा मोठा कोट काढतात आणि त्यात आधीच्या साऱ्या आकृती सामावून घेतात. सर्वपित्री अमावास्येनंतर ही सगळी चित्रे भिंतीवरून खरवडून नदी-तलावात विसर्जित केली जातात. संजाही पार्वतीचे रूप मानली जाते आणि तीही माहेरी आलेली लेकच आहे. विसर्जन म्हणजे तिची सासरी पाठवणी.

ईशान्येकडे बुंदेलखंडात गेले तर याच दिवसांत ‘मामुलिया’ भेटते. काटेरी फांदीच्या प्रत्येक काट्यावर एकेक फूल खोचून मुली ती गावातून मिरवतात आणि पाण्यात सोडतात. पितृपक्षात मोठ्यांची शुभकार्ये थांबलेली असतात. त्याच पंधरवड्यात मध्य भारतातल्या मुली माती, शेण, फुले आणि काटे घेऊन आपला उत्सव साजरा करतात. मोठ्यांच्या पंचांगातील ही रिकामी जागा मुलींनी भरून काढली आहे.

भोपाळमध्ये वाढलेल्या मराठी मुलीला म्हणूनच हा महिना अखंड मिळे. पितृपक्षात शेजारच्या घरी संजा, अमावास्येनंतर लगेच घटस्थापना आणि भोंडला, आणि घरात भुलाबाई असली तर कोजागरीपर्यंत गाणी. दोन्हीकडे प्रसाद ओळखायचा असल्याने खेळाचे नियम नव्याने शिकावे लागत नसत. फक्त भाषा बदलायची.

दोन पंचांगे, एकच चंद्र

या शेजारात एक गोंधळ मात्र ठरलेला असतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, तर महाराष्ट्रात आणि गोव्यात तो अमावास्येला संपतो. त्यामुळे मराठी घराचा पितृपक्ष भाद्रपद वद्यात येतो आणि शेजारच्या हिंदी भाषक घराचा तोच पितृपक्ष आश्विन कृष्णात. आपली लक्ष्मीपूजनाची अमावास्या आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. दिवस तोच, चंद्र तोच. नाव तेवढे वेगळे. शुक्ल पक्षात मात्र दोन्ही पंचांगांचा महिना एकच असतो, म्हणून नवरात्र, दसरा आणि कोजागरी यांबाबत वाद होत नाही. भोपाळच्या अनेक मराठी घरांत दोन दिनदर्शिका शेजारी-शेजारी टांगलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

डब्यात काय असे?

खिरापतीची कसोटी चवीपुरती नव्हती. ती ओळखता येऊ नये, ही खरी कसोटी. त्यामुळे गृहिणी नेहमीचे पदार्थ टाळून हंगामात बाजारात आलेल्या जिनसांकडे वळत. भोपाळच्या बाजारात या दिवसांत कोवळी मक्याची कणसे संपत आलेली असतात, सीताफळे येऊ लागतात आणि तलावांतले ताजे शिंगाडे दिसू लागतात. गोव्यात शिंगाडा बहुधा उपवासाच्या पिठाच्या रूपातच भेटतो. भोपाळमध्ये तो हिरवा, सोलून कच्चा खाल्ला जातो किंवा उकडून. मराठी खिरापतीत माळव्याचे जिन्नस शिरले ते या मार्गाने. तीन पदार्थ घरी करून पाहता येतील.

वाटली डाळ : ही महाराष्ट्रातून आलेली खिरापत. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून पाणी पूर्ण निथळावे. तीन-चार हिरव्या मिरच्या आणि बोटभर आले घालून पाणी न घालता जाडसर वाटावी. चार मोठे चमचे तेलाची मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्ता घालून फोडणी करावी. त्यात डाळ घालून मंद आचेवर परतावी. मधूनमधून झाकण ठेवून वाफ आणावी आणि पुन्हा परतावे. पंधरा-वीस मिनिटांत ती मोकळी होते. मीठ, चमचाभर साखर आणि लिंबाचा रस घालून वर खोबरे व कोथिंबीर पेरावी. घाई केली तर डाळ कच्ची राहते आणि पोटाला बाधते.

भुट्ट्याचा कीस : हा माळव्याचा पदार्थ. चार कोवळी कणसे किसणीवर किसून घ्यावीत. कणसे जून असली तर कीस घट्ट आणि पिठाळ होतो. दोन मोठे चमचे तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून कीस परतावा. आठ-दहा मिनिटांत त्याचा कच्चा वास जातो. मग एक कप दूध थोडे थोडे घालत मंद आचेवर शिजवावा. मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि ओले खोबरे घालून गरम वाढावा. डब्यात भरला तर हलवून आवाज येत नाही, त्यामुळे ओळखायला अवघड.

शिंगाड्याचा शिरा : एक वाटी शिंगाड्याचे पीठ अर्धी वाटी तुपात मंद आचेवर खमंग, बदामी रंगावर भाजावे. दोन वाट्या गरम पाणी किंवा दूध हळूहळू घालत सतत ढवळावे, नाहीतर गुठळ्या होतात. पाणी आटले की पाऊण वाटी साखर आणि वेलदोड्याची पूड घालून वाफ आणावी. नवरात्राचा उपवास असणाऱ्यांनाही ही खिरापत चालते.

कोजागरी : दूध की खीर?

आश्विन पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, ही समजूत मराठी आणि हिंदी दोन्ही घरांत आहे. पातेल्यातला पदार्थ वेगळा. उत्तरेकडे शरद पौर्णिमेला तांदळाची खीर करून ती जाळीखाली, चांदण्यात रात्रभर ठेवतात आणि सकाळी प्रसाद म्हणून घेतात. चंद्रकिरणांतून अमृत उतरते, अशी त्यामागची श्रद्धा. मराठी घरात दूध आटवतात. एक लिटर दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवून त्यात साखर, भरडलेले बदाम-पिस्ते, चारोळी, केशर, वेलची आणि किंचित जायफळ घालतात, त्यात चंद्राचे प्रतिबिंब पाहतात आणि रात्रीच पितात. एक घर मध्यरात्री पेला रिकामा करते, दुसरे सकाळी वाटी उघडते. दोन्ही घरे एकमेकांना वाटा पाठवत असल्याने भोपाळमध्ये कोजागरी दोनदा साजरी होते, असे म्हणायला हरकत नाही.

ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची ‘आश्विनी’ ही याच रात्रीची रीत. जुन्या पद्धतीत या रात्री पोहे आणि नारळाचे पाणी यांचाही नैवेद्य असे. नव्या धान्याशी जोडलेली ही पौर्णिमा कोकणात नव्याची पौर्णिमा म्हणून ओळखली जाते.

पोह्यांची दोन गावे

पोह्यांचा विषय निघाला की गोवा आणि भोपाळ यांच्यातले अंतर कमी होते. गोव्यात नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान होते, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले जाते आणि मग पोह्यांचा फराळ होतो. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळातले, बटाटा घातलेले, तिखट पोहे आणि जोडीला काळ्या वाटाण्याची उसळ. तेथे पोहे हे सणाचे अन्न आहे, नव्या भाताचा पहिला मान आहे.

भोपाळमध्ये पोहे हे रोजच्या सकाळचे अन्न आहे. बडीशेपेचा वास, वर शेव आणि शेजारी गरम जिलेबी. गोव्यात जे वर्षातून एका पहाटे सहा तऱ्हांनी होते, ते येथे वर्षभर एकाच तऱ्हेने होते. करंजीचेही असेच. हिंदी भाषक घरांत तिची बहीण गुजिया प्रामुख्याने होळीला होते, मराठी घरात करंजी दिवाळीला, आणि गोव्यात नेवऱ्या चतुर्थीलाच हव्यात. पाडव्याला शेजारच्या अंगणात शेणाचा गोवर्धन मांडला जातो आणि अन्नकूटाच्या मिश्र भाजीचा वास दरवळतो, तेव्हा मराठी घरात पत्नी पतीला ओवाळत असते, आणि गोव्यात गुरांची पूजा चाललेली असते. एकाच तिथीची ही तीन रूपे.

महिना एका संध्याकाळी मावतो तेव्हा

या महिन्याचा आधार दोन गोष्टींवर होता : अंगण आणि वेळ. टीटी नगरातील जुनी सरकारी निवासस्थाने गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटी प्रकल्पासाठी पाडण्यात आली. बहुमजली इमारतीत रंगवलेल्या भिंतीवर शेणाची आकृती काढता येत नाही. म्हणून संजा पुठ्ठ्यावर किंवा छापील कागदावर आली. सप्टेंबरच्या अखेरीस शाळांच्या परीक्षा असतात आणि संध्याकाळ शिकवणीत जाते. मुली हव्यात तितक्या एका इमारतीत मिळत नाहीत.

यावर मराठी मंडळांनी काढलेला तोडगा म्हणजे नवरात्रातली एक सुट्टीची संध्याकाळ, सभागृह आणि सामूहिक भोंडला. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. शहराच्या चार टोकांना राहणाऱ्या बायका त्यामुळे एकत्र येतात, नऊवारी कपाटातून बाहेर निघते, नातवंडांना हत्ती दिसतो. राज्याच्या संस्कृती परिषदेत मराठी साहित्य अकादमी आहे, त्यामुळे भाषेला संस्थेचा आधारही आहे.

तरी एक नुकसान या तोडग्याने भरून येत नाही. सोळा दिवसांचा चढता क्रम एका संध्याकाळी घडत नाही. पहिले गाणे सोळा वेळा म्हणण्याऐवजी एकदाच म्हटले जाते, तेही मोबाइलच्या पडद्यावर पाहून किंवा ध्वनिक्षेपकावर लावून. खिरापत पाकिटात बांधून आधीच वाटली जाते. ती ओळखायची कोणी आणि कशी? फेर उरतो, पण शिकवण्याची पद्धत निसटते. गाणी पुस्तकात छापून सुरक्षित राहतील. पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी ती राहतील की नाही, याचे उत्तर पुस्तकात नाही.

परराज्यातल्या मराठी कुटुंबासाठी हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, खेळगडी हिंदी. अशा मुलीला मराठी कानावर पडण्याच्या जागा मोजक्याच असतात. भुलाबाईच्या गाण्यांत तिला माहेर, सासर, नणंद, जाऊ, मुराळी, कारले, मखर असे शब्द मिळत आणि ते खेळता-खेळता मिळत. भोंडल्याचा महिना ही या अर्थाने घरातली मराठी शाळाच होती, आणि तिची फी होती रोज एक डबा खिरापत.

उपाय मोठा नाही. सोळा दिवस जमत नसतील तर नवरात्राच्या नऊ संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटे निघू शकतात. तीन-चार घरांनी पाळी लावून घेतली, पहिल्या दिवशी एकच गाणे धरले, दुसऱ्या दिवशी त्यात एकाची भर घातली, तर नवव्या दिवशी नऊ गाणी मुलांच्या तोंडी बसलेली असतील. मुलगे वगळण्याचे कारण नाही आणि शेजारच्या हिंदी भाषक मुलांनाही बोलवावे. त्यांना गाण्याचे शब्द कळले नाहीत तरी डबा हलवून आत काय आहे हे ओळखायचे असते, एवढे त्यांना संजामुळे माहीत असण्याचा संभव आहे. अट एकच : डब्याचे झाकण शेवटचे गाणे होईपर्यंत उघडायचे नाही.